सॅन दिएगोहून ब्लूफिन ट्युना: प्रकल्प नोंदी, मार्च ते जुलै २०२५

९ मार्च

उद्दिष्ट: चार जण, एक सफर, प्रशांत महासागरातला ब्लूफिन ट्युना, गळावर. गटातले दोघे अर्व्हाइनला, दोघे फ्रीमाँटला, दोन्ही गावे कॅलिफोर्नियातली. बंदर सॅन दिएगो.

आपल्याकडे रत्नागिरी-मालवणला मिळतो तो कुपा किंवा गेदर. ब्लूफिन त्याच कुळातला असला तरी अंगापिंडाने आणि चवीने वेगळा, शिवाय थंड पाण्यात बिनदिक्कत फिरणारा. स्नायूंतली उष्णता रक्तवाहिन्यांच्या जाळीने अंगातच राखतो, म्हणून १६-१७ अंश सेल्सियसच्या पाण्यातही त्याची शिकार चालू असते. जन्म जपान आणि तैवानच्या बाजूला. त्यातली काही पिल्ले महासागर ओलांडून कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या किनाऱ्याला येतात, काही वर्षे खाऊन-पिऊन मोठी होतात आणि अंडी घालायला परत पश्चिमेला जातात. सॅन दिएगोच्या बोटींना मिळतात ते हे परदेशी वाढणारे तरुण. तरुण म्हटले तरी २० किलोचा मासा इथे मध्यम समजतात आणि १०० किलोचाही दरवर्षी निघतो. हत्यारे कुठली न्यायची हा प्रश्न या फरकामुळेच अवघड होतो.

हंगाम साधारण एप्रिलअखेर ते नोव्हेंबर. यलोफिन हवा असेल तर पाणी २० अंशांच्या वर गेल्यावर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरनंतर. आपल्याला ब्लूफिन हवा, म्हणून जून-जुलै.

२२ मार्च

बोटीचे प्रकार तपासले. दोनच विचारात घेण्यासारखे.

पहिला, सहा प्रवाशांची खासगी बोट. इथे तिला सिक्स-पॅक म्हणतात, कारण कोस्ट गार्डचा तो परवाना सहापर्यंतच पैसे देणारे प्रवासी न्यायला मुभा देतो. वेगवान, पण लहान. दिवसभरात जाऊन येण्याएवढ्या अंतरावर मासा असेल तरच कामाची. चौघांत भागल्यावर माणशी खर्च भारी.

दुसरा, ६५ ते ९५ फुटांची पार्टी बोट. झोपायला बंक, स्वयंपाकघर, जिवंत आमिषाच्या टाक्या, पाच-सहा खलाशी. सहापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीची कोस्ट गार्डकडून तपासणी होते आणि त्याचे प्रमाणपत्र बोटीवर लावलेले असते. पॉइंट लोमाला एच अँड एम, फिशरमन्स आणि पॉइंट लोमा स्पोर्टफिशिंग हे तीन धक्के एकमेकांना लागून आहेत. सीफोर्थ मिशन बेमध्ये. सगळ्या सफरी या धक्क्यांच्या कचेऱ्यांतून विकल्या जातात, बोटींचे मालक मात्र वेगवेगळे. धक्क्याच्या नावावर भाळू नये, बोट आणि कप्तान पाहावा.

लांबी: पाऊण दिवस, रात्रभर, दीड दिवस, अडीच दिवस आणि पुढे. दीड दिवसाची निवडली. संध्याकाळी निघायचे, पूर्ण एक दिवस मासेमारी, तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर. सान क्लेमेंटे बेटापर्यंत साठ-सत्तर सागरी मैल आणि बोटीचा वेग ९-१० नॉट. म्हणजे सात-आठ तास, झोपेतच जातात. रात्रभराच्या स्वस्त सफरीत एवढे लांब जाऊन परत यायचे तर मासेमारीला वेळ कमी उरतो.

५ एप्रिल

फोन करून विचारायचे प्रश्न पक्के केले. जाहिरातीतले फोटो हंगामातल्या सर्वोत्तम दिवसाचे असतात, त्यांवरून काही कळत नाही.

१. कमाल किती गळकरी घेता? बोटीची लांबी फुटांत घेऊन तिला माणसांच्या संख्येने भागायचे. ८० फुटांच्या बोटीवर २५ माणसे म्हणजे माणशी तीन फुटांहून जरा जास्त. हे चालते. त्याच बोटीवर ३८ असतील तर मासा लागल्यावर दोऱ्यांचा गुंता ठरलेला.

२. भाड्यात काय येते? जेवण, इंधन अधिभार, मेक्सिकोचा परवाना, भाड्याचे रॉड हे चार मुद्दे वेगवेगळे विचारायचे.

३. मासा कसा ठेवता? थंड केलेल्या समुद्राच्या पाण्याची टाकी सर्वांत चांगली. त्या खालोखाल बर्फ आणि खारे पाणी यांचा लगदा. नुसत्या बर्फावर टाकलेला मासा सारखा गार होत नाही.

४. माणसे कमी झाली तर सफर रद्द कधी करता, आणि हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की पुढची तारीख?

५. मेक्सिकोच्या पाण्यात जाता का?

एका कचेरीत पहिल्या प्रश्नाला ‘बोट मोठी आहे, काळजी नको’ एवढेच उत्तर मिळाले. ती यादीतून काढली. आकडा विचारल्यावर आकडाच यायला हवा.

पाचवा प्रश्न आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाचा. मेक्सिकोच्या हद्दीत जाणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागतो, आणि परतल्यावर आपण अमेरिकेत पुन्हा प्रवेश करत असतो. एच-१बी आहे पण पासपोर्टवरचा शिक्का संपलेला, असे आपल्यात निम्मे लोक असतात. मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना संपलेल्या शिक्क्यावर परत घेण्याची तरतूद आहे, तरी तिला अटी आहेत आणि नव्या व्हिसाचा अर्ज केलेला असेल तर ती लागू होत नाही. शिवाय मेक्सिको भारतीयांना वेगळ्या व्हिसाशिवाय घेते ते चालू अमेरिकी व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा मोजक्या इतर देशांचा तसा व्हिसा असेल तरच. माशापायी या भानगडीत पडू नये. ठरले: अमेरिकेच्या हद्दीतली सफर. सान क्लेमेंटे बेट, टॅनर बँक, कोर्टेस बँक या तिन्ही जागा त्या हद्दीत येतात.

कोर्टेस बँक म्हणजे पाण्याखालचा डोंगर. त्याचे बिशप रॉक नावाचे टोक जवळजवळ पृष्ठभागाला टेकते. १९८५ मध्ये एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका त्यालाच घासली होती. किनाऱ्यापासून शंभर मैलांवर एवढे उथळ पाणी असल्यामुळे तिथे प्रवाह वर उसळतो, बारीक मासळी जमते, आणि मागोमाग ट्युना येतो.

१२ एप्रिल

तारीख ठरली: शुक्रवार १८ जुलैला निघायचे, रविवार २० जुलैला परत.

कारणे दोन. चंद्र १७-१८ला अर्धा, उतरता. मध्यरात्रीनंतर उगवणार, म्हणजे संध्याकाळचे पहिले चार तास पूर्ण काळोख. मोठे ब्लूफिन उन्हाळ्यात काळोखात जिगवर, म्हणजे धातूच्या नकली आमिषावर, खातात. चंद्राचा नेमका परिणाम किती यावर कप्तानांत एकमत नाही, पण पौर्णिमेची तारीख मुद्दाम कोणी निवडत नाही.

दुसरे कारण घरचे. २५ जुलैला श्रावण लागतो. आठवडाभर नंतरची सफर घेतली तर पेटीभर मासा महिनाभर फ्रीझरमध्ये बघत बसायचा. २०ला मासा घरी आला की गुरुवारी २४ला गटारी.

आगाऊ रक्कम भरली. माणशी अंदाजपत्रक, डॉलरमध्ये: भाडे ५००, बोटीवरचे जेवण ७०, रॉड भाड्याने ५०, परवाना ३०, खलाशांना १००, मासा कापणे-पॅकिंगला १००, पार्किंग आणि बर्फ ४०. एकूण ८९०. खलाशांची बक्षिसी भाड्याच्या १५ ते २० टक्के धरतात आणि ती ऐच्छिक असली तरी त्यांच्या कमाईचा मोठा भाग तीच असते. रोख न्यावी.

४ मे

परवाने. कॅलिफोर्नियात १६ वर्षांपुढच्या प्रत्येकाला बोटीवरही स्वतःचा परवाना लागतो, चार्टरचा परवाना प्रवाशाला पुरत नाही. वार्षिक घेतला तर पॉइंट अर्ग्वेलोच्या दक्षिणेला समुद्रात मासेमारीसाठी ‘ओशन एन्हान्समेंट’ हा वेगळा शिक्का हवा. एक किंवा दोन दिवसांच्या परवान्याला तो लागत नाही. वर्षातून एकदा जाणाऱ्यांना दोन दिवसांचा बरा. तारीख मासेमारीच्या दिवसाची टाकायची. संध्याकाळी निघताना त्याच रात्री गळ टाकायची शक्यता असेल तर १८ आणि १९ असे दोन्ही दिवस.

मर्यादा: ब्लूफिन माणशी दिवसाला दोन. २०१५ पूर्वी दहा होते, साठा घटल्यामुळे दोनवर आणले. कितीही दिवसांची सफर असली तरी एका माणसाकडे सहाच्या वर नाहीत. आपल्या सफरीत मासेमारीचा दिवस एकच, म्हणून जास्तीत जास्त दोन.

कापण्याचाही नियम आहे. पॉइंट कन्सेप्शनच्या दक्षिणेला बोटीवर ट्युना कापायचा असेल तर सहाच तुकडे: कातडीसकट चार लांब लोइन (अंगाच्या मांसाचे पट्टे), दोन्ही छातीच्या परांसह गळपट्टी अखंड, आणि पोटाचा पट्टा खालच्या परांसह. एका माशाचे सहा तुकडे एकाच पिशवीत, वर जातीचे नाव. तपासणाऱ्याला ब्लूफिन की यलोफिन हे ओळखता यावे म्हणून. ओळख छातीच्या परावरून: ब्लूफिनचा आखूड, दुसऱ्या पाठपरापर्यंत पोचत नाही, यलोफिनचा लांब.

३१ मे

हत्यारे. तीन संच ठरवले, प्रत्येकी दोन. उरलेले धक्क्यावरून भाड्याने.

*हलका.* ४० पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी दोरी), १/० किंवा २/० मापाची गरी, जिवंत सार्डिन, शिसे नाही. दिवसा वर आलेल्या थव्यासाठी.

*मध्यम.* ६० पौंडी, ८ औंसाचे टॉर्पेडो शिसे गरीच्या वर दहा-बारा मीटरवर रबरबँडने बांधलेले. मासा खाली दिसतोय पण वर येत नाही तेव्हा. शिसे रॉडच्या टोकाशी आले की खलाशी रबर तोडतो, म्हणून गाठ मारायची नाही.

*जड.* रात्रीसाठी. दोन वेगांचे लीव्हर-ड्रॅग रील (ड्रॅग म्हणजे दोरी सुटताना रील देते तो रोध, इथे तो लीव्हरने कमी-जास्त होतो), ८० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, ४५० यार्ड, पुढे १०० पौंडी फ्लुरोकार्बन दोन मीटर, २०० किंवा २५० ग्रॅमचा फ्लॅटफॉल जिग. ब्रेड दर दहा मीटरला रंग बदलणारी. कप्तान ‘दोनशे ते अडीचशे फूट’ असे सांगतो तेव्हा तेवढे, म्हणजे ६० ते ७५ मीटर, काळोखात मोजायचे तर रंगच कामी येतो. डोक्याला टॉर्च हवी.

जिगबरोबर येणाऱ्या गऱ्या बदलाव्या. स्वस्त असिस्ट गरी (जिगला दोरीच्या तुकड्याने टांगलेली) २५ पौंड ड्रॅगला उघडते. जाड तारेची गरी आणि जाड वेल्ड केलेली कडी लावली.

ब्रेड आणि फ्लुरोकार्बनचा जोड एफजी गाठीने. वीस आळीपाळीचे वेढे, ब्रेड सतत ताणलेली, मग अर्धगाठींनी कुलूप. ओली करून हातमोजे घालून पूर्ण ताकदीने ओढायची. नीट बसली की वेढ्यांचा रंग गडद होतो आणि फ्लुरोकार्बनवर ते रुततात. सरकली तर कापून पुन्हा. बोटीवर हलत्या डेकवर ही गाठ बांधायला जाऊ नये, तिथे खलाशाकडे द्यावी किंवा दुहेरी युनी ही गाठ मारावी.

१४ जून

ड्रॅग बसवले. मासे सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि घरी बसून सोडवता येणारेही हेच.

नियम: सर्वांत कमजोर दोरीच्या २५ ते ३० टक्के. ४० पौंडीला १० ते १२, ६०ला १५ ते १८, १००ला जास्तीत जास्त ३०. पण आपली ब्रेड ८०ची, म्हणून २० ते २४. हाताच्या अंदाजाने करायचे नाही. दोरी सर्व कड्यांतून ओवायची, टोकाला वजनकाटा बांधायचा, एकाने काटा धरून खाली बसायचे, दुसऱ्याने रॉड ४५ अंशांत धरायचा, लीव्हर ‘स्ट्राइक’वर, म्हणजे मासा लागताना ठेवायच्या खुणेवर. दोरी संथपणे सुटू लागते तो आकडा खरा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही.

वाढवायचे असेल तर लीव्हर पूर्ण मागे, फ्री-स्पूलला (चाक मोकळे फिरते त्या स्थितीला) आणून मगच प्रीसेटची, म्हणजे ड्रॅग आधी ठरवून ठेवायची, कळ फिरवायची. ताण असताना फिरवली तर वॉशर खराब होतात. कळ फार घट्ट केली की फ्री-स्पूलमध्येही चाक घासते आणि जिवंत आमिष पोहूच शकत नाही. तपासायला चाकाला बोटाने टिचकी मारावी, सात-आठ सेकंद तरी फिरायला हवे.

एक गोष्ट पुस्तकी वाटते पण मासा गेल्यावर पटते: चाकावरची दोरी संपत जाऊन व्यास निम्मा झाला की तेवढ्याच लीव्हरला ड्रॅग दुप्पट होतो. माशाने लांब धाव घेतल्यावर लीव्हर पुढे ढकलण्याची इच्छा होते, तेव्हा उलट जरा मागे घ्यायचा असतो.

१३ जुलै

हवामान पाहायला सुरुवात. दोन तरंगती केंद्रे: ४६०८६ सान क्लेमेंटेच्या खोऱ्यात, ४६०४७ टॅनर बँकेजवळ. लाटेची उंची एकटी पाहू नये, कालावधीही पाहावा. दोन मीटरची लाट १५ सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वरखाली होते. तीच ८ सेकंदांनी आली की भांडी पडतात आणि माणसेही. टॅनर वायव्य वाऱ्याला उघडे. बेटाच्या पूर्वेला आडोसा मिळतो, म्हणून वारा वाढला तर कप्तान तिकडे वळेल. बेट नौदलाचे आहे आणि सरावाच्या वेळी भोवतीचे पट्टे बंद असतात, तो निर्णय कप्तानाचा.

बोट लागणाऱ्यांसाठी: मेक्लिझिनची गोळी आदल्या रात्री आणि निघण्याच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. कानामागची स्कोपोलामाइनची पट्टी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, निदान चार तास आधी लावावी. लावल्यावर हात धुवावे, औषध डोळ्यात गेले तर बाहुली मोठी होऊन दिवसभर अंधूक दिसते. काचबिंदू असल्यास पट्टी नको. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी नाही. केळे बोटीवर अपशकुनी, खलाशी खरोखर बोलून दाखवतात.

१९ जुलै, बोटीवर

पहाटे पाचच्या सुमारास बेटाच्या नैऋत्येला. कठड्याशी प्रत्येकाला क्रमांक. मासा वर आला की त्याच्या कल्ल्याजवळ तोच क्रमांक टोचतात.

बोट वाहत असताना वाऱ्याकडच्या बाजूला उभे राहायचे. दुसऱ्या बाजूला दोरी बोटीखाली जाते आणि पंख्याला किंवा दुसऱ्याच्या दोरीला अडकते. आमिष निवडताना पाठ हिरवी, खवले पूर्ण, नाक लाल न झालेली सार्डिन घ्यायची. ती टाकीच्या मध्यातून जोमाने पळते, काठाला घिरट्या घालत नाही. हात ओला करून धरायची. नाकातून आडवी गरी. हवेत भिरकावून फेकायची नाही, पाण्यात पडल्यावर ती थिजते. सोडून द्यायची आणि अंगठा चाकावर अलगद ठेवायचा.

सकाळी सोनारवर मासा ३० ते ५० मीटरवर, वर येईना. शिसे लावलेल्या मध्यम संचाने दोन लागले, एक बोटीच्या कोपऱ्यावर घासून गेला. तुटलेले टोक खरबरीत होते, म्हणजे गाठ नव्हे तर घर्षण. मासा लागल्यावर ‘फॉलो युवर फिश’ असा जो ओरडा होतो त्याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा: दोरी सरळ समोर राहील असे कठड्याकडेने चालत राहायचे, इतरांच्या रॉडवरून किंवा खालून. खलाशी सांगेल तिकडून, वाद नाही. रॉड कठड्यावर टेकवून खालच्या वेगाने फिरवायचे. पाठीने उचलू पाहणारा वीस मिनिटांत बसतो.

सूर्यास्त आठच्या आतबाहेर. तासाभरात काळोख, आणि कप्तानाने २०० फुटांची हाक दिली. जिग सोडताना लक्ष खाली जाणाऱ्या दोरीवर: ती मध्येच सैल पडली किंवा एकदम जोरात पळाली तर तो चावा. बहुतेक चावे जिग खाली जातानाच येतात, वर ओढताना नाही. लीव्हर स्ट्राइकवर, झटका न देता वेगाने गुंडाळायचे, वजन आले की मग रॉड. अंगठा सोडून बघत बसणाऱ्याच्या चाकावर दोरीचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो आणि मासा थांबत नाही.

एका जिगची गरी सरळ झाली. ती बदललेली नव्हती, बोटीवरच विकत घेतलेल्या जिगवरची होती. बदललेल्या सर्व टिकल्या.

‘कलर!’ ओरडल्यावर, म्हणजे मासा पाण्यात चमकू लागल्यावर, तो गोल फिरतो. दर फेरीत त्याचे तोंड आपल्याकडे वळले की दोन-तीन हात दोरी घ्यायची, पाठ वळली की थांबायचे. मासा वर ओढायचा लोखंडी आकडा फक्त खलाशी टाकतो. त्या वेळी मागे सरून रॉड उंचावू नये, मासा पृष्ठभागावर येऊन शेपटी हापटतो आणि गरी सुटते.

वर आल्याबरोबर छातीच्या पराखाली आणि कल्ल्यात चिरा, रक्त काढून मग थंड पाण्याच्या टाकीत. झुंजीत त्याचे आतले तापमान पाण्यापेक्षा बरेच चढलेले असते. तसाच डेकवर ठेवला तर मांस फिकट आणि आंबूस होते.

२० जुलै, धक्का

सकाळी सहाला धक्क्यावर. क्रमांकाने मासे पुकारतात. बोटीवर पूर्ण ठेवले होते, कापायला धक्क्याजवळच्या प्रक्रिया केंद्रात दिले. दर पूर्ण माशाच्या वजनावर आहे की कापलेल्या मांसाच्या, हे आधी विचारावे. फरक जवळजवळ दुपटीचा पडतो. २० किलोच्या माशातून सुमारे १० किलो लोइन. पोट आणि गळपट्टी मागून घ्यावी, नाहीतर राहून जाते.

गार ठेवणे का महत्त्वाचे: ट्युना साडेचार अंशांच्या वर राहिला की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. वास येत नाही, शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, डोके ठणकते, अंगावर पुरळ. म्हणून पेटीत तळाला बर्फ, थर, पुन्हा बर्फ, पाणी जाण्याची तोटी उघडी. अर्व्हाइनला दीड-दोन तास, तेवढे पुरते. फ्रीमाँटवाल्यांना आठ-नऊ तास गाडी, निम्म्या वाटेवर बर्फ भरावा. विमानाने नेणाऱ्यांना ड्राय आइस माणशी अडीच किलोपर्यंतच आणि विमान कंपनीला आधी सांगून.

२७ जुलै

साठवण. हवाबंद पिशवीतला ताजा ट्युना ३ अंशांच्या आतच ठेवावा. गोठवलेला वितळवताना पिशवी आधी फोडावी आणि फ्रिजमध्येच वितळवावा. हवा नसलेल्या पिशवीत बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात. घरच्या उणे १८ अंशांत मांस दोन-तीन महिन्यांत तपकिरी होते. चव लगेच जात नाही, पण कच्चे खायचे असेल तर ते आधीच संपवावे.

मधला गडद लाल पट्टा काढून टाकावा, उग्र वास त्याचाच. लोइन तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर, आत गुलाबी. आपल्या रश्शात लोइन टाकली की कोरडी ठक्क होते. तिरफळ आणि ओल्या खोबऱ्याच्या आमटीला पोटाचे तुकडे घ्यावेत, चरबीमुळे ते मऊ राहतात. आमटी उकळून बाजूला काढल्यावर टाकायचे आणि झाकण ठेवून सात मिनिटे.

बाकी कामे: रीलवर गोड्या पाण्याचा हलका फवारा, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवणे, ब्रेडचे पहिले वीस मीटर कापणे, सर्व गऱ्या बदलणे. ऑक्टोबरच्या यलोफिन सफरीसाठी पाण्याचे तापमान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाहणे.